ओल्या रंगाची किटली

मित्रांनो, मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची किटली आहे. पोचे मोजू नका. वयाच्या मानाने मी बरी आहे. तोटी जरा वाकडी आहे, पण ती जन्मापासूनच. कारखान्यातून दुकानात आले आणि दुकानातून थेट एका सिनेमाच्या सामानात. वाटलं होतं, चहाच्या वासात आयुष्य निघून जाईल. कसचं काय, मला नटी केलं.

सिनेमा प्रेमाचा होता. दिग्दर्शिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंची हौस अशी, की नायिकेचं मन फिरलं की तिच्या टेबलावरच्या वस्तूंचे रंगही फिरायचे. प्रेमात लाल, विरहात हिरवा. सिनेमातले प्रसंग काही गोष्टीच्या क्रमाने काढत नाहीत, त्यामुळे मी सकाळी विरहात असायचे आणि दुपारी प्रेमात. रंगारी दर वेळी मला खरवडून नव्याने रंगवायचा. अबोल माणूस, पण हात हलका. कोणत्या प्रसंगात मी कोणत्या रंगाची, हे टिपून ठेवायला एक मुलगी होती. तिचं नावच वहीवाली पडलं होतं.

एके दुपारी रंगारी मला घेऊन आला. नायक-नायिका टेबलाशी बसले होते. खिडकीतलं ऊन सरत चाललं होतं.

"बघा मॅडम, लाल कसा खुललाय," तो वहीवालीला म्हणाला.

मी हिरवीगार होते.

ब्रश धुताना दोन डब्यांची झाकणं बदलली गेली होती, आणि तो बिचारा झाकणावरचं नाव वाचूनच रंग ओळखायचा. लाल-हिरव्यातला फरक त्याला दिसतच नव्हता. ही गोष्ट त्याने वर्षानुवर्षं लपवली होती. असल्या रंगाऱ्याला कामावर कोण ठेवणार?

वहीवाली हसली नाही. "बाई, पंधरा मिनिटं द्या," असं म्हणून तिने त्याला कोपऱ्यात नेलं आणि दुसरा डबा पुढे सरकवला.

त्याचा चेहरा उतरला. "सांगणार तुम्ही?"

"आधी रंग द्या. ऊन आपल्यासाठी थांबायचं नाही."

मी लाल झाले, पण वाळले नाही. नायिकेने मला उचललं, चहा ओतला आणि तोच हात नायकाच्या पांढऱ्या बाहीवर ठेवला. बाहीवर चार लाल बोटं उमटली. दुसरा सदरा नव्हता. मला वाटलं, आता काही आपली धडगत नाही.

बाईंनी ते चित्रण दोनदा पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पण किटली ओली कोणी ठेवली?"

"मी जरा घाई..." वहीवाली बोलू लागली.

रंगारी मध्येच पुढे झाला. "चूक माझी आहे. मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही."

बाईंनी चष्मा पुसला. "डोळे धड असून रंग न कळणारे मी खंडीभर पाहिलेत. उद्यापासून डबा उघडला की आधी हिला दाखवायचा. चला, पुढचा प्रसंग."

सिनेमा चालला. त्या चार बोटांवर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की रंग वाळायला वेळ मिळाला नव्हता. पण कामापुरता मामा. मी तीन वर्षं गोदामात मोडक्या खुर्चीखाली धूळ खात पडले आणि एकटीच रडले.

मग एक दिवस रंगाऱ्याने मला बाईंकडून मागून घेतलं. त्याचं आणि वहीवालीचं लग्न झालं होतं. नव्या स्वयंपाकघरात तो ब्रश घेऊन बसला. "कुठला देऊ?"

"कुठलाही दिलात तरी तुम्हाला एक दिसणार आणि मला दुसराच," ती म्हणाली.

त्याने ब्रश खाली ठेवला. दोघांनी पॉलिशपेपर घेऊन मला घासलं, अगदी शेवटचा थर निघेपर्यंत.

मित्रांनो, वस्तू जपा हे मी सांगणारच, किटलीच आहे मी. पण कोणी चुकलं तर हसण्याआधी त्याला काय दिसतंय ते विचारा. माझ्या अंगावर आता एकही रंग नाही. रोज सकाळी ती दोघं माझ्याकडे बघतात, तेव्हा दोघांना एकच किटली दिसते.