पाइपाचं तोंड

"हेड म्हंजी डोस्कंच न्हवं?" आबांनी विचारलं.

मी हौदाच्या भिंतीवर खडूनं आकृती काढत होते. खाली विहीर, काठावर मोटर, वर हौद. "डोस्कं न्हवं आबा. पाणी किती वर चढवायचं, ती उंची."

"मग उंची म्हण की. उगं माझं डोस्कं कशाला खाती?"

मी मलकापूरच्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या मुलांना पाइपातला प्रवाह आणि पंप यांची गणितं शिकवते. पण भरलेला वर्ग परवडला, घरचा हा एकटा विद्यार्थी नको. माझे वडील म्हणजे फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस. 'का' विचारल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही.

ऐन उन्हाळा होता. कुंडलच्या आमच्या विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. लाइट जाईपर्यंत हौद निम्मासुद्धा भरत नव्हता. शेवटच्या सऱ्यांना पाणी पोचेना, तिथला ऊस माना टाकायला लागला होता. शेजारचे तात्याबा रोज येऊन मोठी मोटर घ्या म्हणून आबांच्या मागे लागले होते, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आले होते.

"मोठ्या मोटरीनं पाणी जोरात पळंल," मी म्हणाले, "पर पाइप त्योच हाय. पाणी दुप्पट पळवाया गेलं की आतलं घर्षण चौपट हुतंय. निम्मी ताकद त्यातच जाईल."

"मग काय करायचं म्हणतीस?"

"पाइपाचं तोंड खाली घ्यायचं. हौदातल्या पाण्यात बुडवायचं."

आमच्याकडे कुणाच्याही रानात जा, पाइप हौदाच्या वर पुरुषभर उंच उभा असतो आणि वरून पाणी धो धो पडतं. पाणी पडताना दिसल्याशिवाय ते आलं असं आमच्या माणसांना वाटतच नाही. आधी वर चढवायचं, मग पुन्हा खाली पाडायचं. मोटरीनं तेवढं फुकट राबायचं. हे गणित मी दर वर्षी वर्गात घालते. मुलं एकमेकांकडे बघून हसतात, कारण प्रत्येकाच्या घरी तसाच पाइप असतो. आमच्या घरी मात्र आई असेपर्यंत मी हा विषय काढला नव्हता.

कारण आमच्या पाइपाचं तोंड तिच्याच सांगण्यावरून वर गेलं होतं. विहिरीला पाणी लागलं तेव्हा तिनं पाइपाला हळदकुंकू लावलं आणि रानातल्या घरात जाऊन चुलीपुढं बसली. तिथून हौदाची भिंत आड येत होती. तिनं आबांना हाक मारली. "आवं, तोंड जरा वर घ्या की. मला हितनं दिसू द्या!" आबांनी वर घेतलं. "आजून." आणखी वर घेतलं. "आजून जरा." शेवटी आबा ओरडले, "आता काय ढगातनं पाडू?" आई पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होती.

तेव्हापासून लाइट आली, पाणी पडायला लागलं, की ती दारात येऊन हाक द्यायची, "आलं वो पाणी!" जणू माहेरचं माणूस आलंय. आबा उसात कुठंही असले तरी हात वर करायचे. दोघं एकमेकांशी प्रेमाचं म्हणून यापलीकडं काही बोललेलं मी ऐकलं नाही, आणि मला ते पुष्कळ वाटायचं. आई गेल्या वर्षी गेली.

"मोटर बंद पडली की हौदातलं पाणी उलटं विहिरीत जाईल," आबा म्हणाले.

"चेक व्हॉल्व्ह हाय की. तुमीच बसवलाय."

"कचरा अडकंल पाइपात."

"न्हाई अडकत."

आबा वर पाइपाकडं बघत राहिले. "नंदे, तुझं गणित बराबर हाय. मला काय कळत न्हाई व्हय? पर ती म्हणली हुती, मला दिसू द्या."

कसलं घर्षण आणि कसलं हेड! मी तळहातानं आकृती पुसली. "ऱ्हाऊ द्या आबा. मोठी मोटर बघू."

आबा उसाच्या शेवटच्या सऱ्यांपर्यंत चालत गेले. एक वाळकं पान त्यांनी बोटांत चुरलं आणि परत आले.

"ह्यो खोडवा हाय," ते म्हणाले. "तोडल्यावर त्याच बुडख्यातनं फुटल्याला. लावण तुझ्या आईनं केलीया. माझी कंबर धरलेली, तर म्हणली, तुमी बसा बांधावर. ही सगळी कांडी तिच्या हातची. हे वाळलं तर तिकडं वर पाणी पडताना बघून मी काय करू?"

हॅक्सॉ त्यांनीच आणला. मी शिडी धरली. कापलेला तुकडा त्यांनी खाली टाकला नाही. माझ्या हातात दिला. वळणाचा एल्बो बसवून पाइप हौदात हातभर खोल सोडला आणि आम्ही दोघं काठावर बसलो.

दुपारी लाइट आली. मोटरीची घरघर सुरू झाली. हौदावर मात्र काहीच आवाज नाही.

"आलं का?" आबांनी विचारलं.

"आलंय आबा. बघा, पाणी चढतंय."

त्यांनी बघितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. गुडघे टेकून ते वाकले आणि हात पाण्यात खाली खाली नेत पाइपाच्या तोंडाशी धरला.

"हाय," ते हळूच म्हणाले. "लय जोर हाय गं."

पाणी काठाकडं येत होतं. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत भिजली, तरी आबांनी हात बाहेर काढला नाही.