काटकसरीचं बटण

वहिनीची परीक्षा नीट पार पडली, तर आपल्या पदरात काय पडणार याचा हिशेब धाकट्याने आधीच मांडून ठेवला होता. नोकरी वहिनीला, मान त्याला. तिच्या चालत्या लॅपटॉपवर त्याने हट्टाने विंडोज काढून लिनक्स घातलं, तेव्हापासून थोरला भाऊ त्याला त्या लिनक्सच्या चित्रावरून 'पेंग्विन' म्हणत होता. आज ते नाव पुसलं जाणार होतं.

परीक्षा इस्पितळातल्या दुभाष्याच्या कामाची. डॉक्टर एका भाषेत, रुग्ण दुसरीत, मधला दुवा वहिनी, आणि सगळं पडद्यावरून. खोलीत दुसरं कोणी असायचं नाही. लाइन दोनदा तुटली की परीक्षा तिथेच संपली.

आणि लाइन तर जावयासारखी रुसायची. धाकट्याने वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर बदललं, राउटर कपाटावर चढवला. बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, की दिवसभर तक्रार नाही. वहिनीच्या खोलीत नेला, की थोड्या वेळात धाप.

"भिंत जाड आहे," त्याने निकाल दिला.

"बंद खोलीत पेंग्विनला उकडत असेल," दादा म्हणाला.

वहिनीने दोघांकडेही पाहिलं नाही. "भाऊजी, मला फक्त एवढं सांगा, तुटणार की नाही?"

"नाही तुटणार, वहिनी. माझा शब्द."

दार लागलं. धाकटा बाहेर कान लावून उभा. आतून वहिनीचा संथ आवाज येत होता: छातीत कळ कधीपासून, गोळ्या कोणत्या. मग आवाज अडखळला. "डॉक्टर? ऐकू येतंय का?"

लाइन आली, पण पहिली संधी गेली होती. आत जाता येत नव्हतं. त्याने मान खाली घातली, तेव्हा दाराखालून गेलेली वायर दिसली. वहिनीच्या खोलीतलं सॉकेट जळलेलं, म्हणून चार्जरची वायर बाहेरून ओढलेली. तो वायरीमागोमाग भिंतीपर्यंत गेला. बटण बंद.

आईचं काम. घरात कुठलंही बटण उगाच चालू दिसलं की ती जाता जाता बंद करायची. बाहेरच्या खोलीत तो स्वतः बसलेला असायचा, म्हणून तिथलं बटण वाचायचं. पण चार्जर गेला म्हणून लाइन का तुटावी? बॅटरी तर भरलेली होती.

आणि मग त्याला आठवलं. बॅटरी दुप्पट चालते हे दादाला दाखवायला त्याने स्वतःच लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम बसवला होता. लॅपटॉप बॅटरीवर आला की तो प्रोग्राम सगळ्यात आधी वायफाय कार्डाला डुलकी घ्यायला लावायचा. म्हणजे लॅपटॉपच्या आत एक आई होती आणि बाहेर एक. आतली त्यानेच आणून बसवली होती.

त्याने बटण चालू केलं आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

आई आली. "अरे, काय धरून उभा आहेस? ते कशाला चालू ठेवलंय?"

"आई, आज हात लावू नकोस."

"फुकट का येते वीज? सरक."

"अगं आई, वहिनीची नोकरी आहे या बटणात."

"नोकरी बटणात असते का कुठे?" ती पुटपुटली, पण तिथून हलली नाही. त्याचंही लक्ष दारावरून हलेना. आत एक शांतता लांबली; त्याने बटण पुन्हा चाचपून पाहिलं. मग वहिनीचा आवाज पुन्हा आला, संथ. रुग्णच विचार करत होता.

शेवटी दार उघडलं. वहिनीचे डोळे थकलेले, ओठांवर हसू. "घेतलं मला. दुसऱ्यांदा तुटली नाही. काय केलंत, भाऊजी?"

दादा मागेच उभा होता. 'कार्ड दुरुस्त केलं' एवढं म्हटलं असतं, तर सगळा मान हातात होता. धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. उद्यापासून त्या पडद्यापलीकडे खरे रुग्ण असणार होते.

"कार्डाला काही झालंच नव्हतं," तो म्हणाला. "मी बसवलेला प्रोग्राम तोडत होता. आत्ता काढतो."

वहिनीला नोकरी मिळाली. दादाला म्हातारपणापर्यंत पुरेल एवढी थट्टा. आईला पुरावा, की काटकसर या घरात रक्तातच आहे. किंमत तेवढी पेंग्विनने एकट्याने मोजली, आणि वर नावही तेच राहिलं.