बोटांखालचा आलेख

वाघोलीच्या कॉलेजात सांख्यिकीतला सहसंबंधाचा धडा सुरू झाला, तेव्हा शर्मिला मॅडमनी सोनालीला वर्गाबाहेर थांबवलं.

"ठिपक्यांचा आलेख, स्कॅटर डायग्राम, काढायचा प्रश्न तू सोडलास तरी चालेल. त्याऐवजी तुला दुसरा देईन."

सोनालीला जन्मापासून दिसत नव्हतं. मॅडम हे मायेनं बोलत होत्या, हेही तिला कळलं.

"मॅडम, तो प्रश्न मला सोडायचा नाहीये. वर्गात सगळे म्हणतात, आलेख बघितला की लगेच समजतं. मलाही तसं समजू दे ना."

घरी तिनं हे वडिलांना सांगितलं. रतन कारखान्यात कामाला होते. सांख्यिकी त्यांना येत नव्हती, पण त्यांनी विचारलं, "तुला नक्की काय हाताला लागायला हवं, ते सांग." रविवारी दोघांनी मिळून एका मऊ बोर्डावर दोऱ्याच्या चौकटी ताणल्या. बाजारातून गोल डोक्याच्या टाचण्या आणल्या.

मग सोनालीनं वर्गातल्या प्रत्येकाची वीत मोजली, उठावाच्या खुणांच्या पट्टीनं. उंची ज्याची त्यानं सांगितली. मैत्रीण राजनंदिनी आकडे वाचत गेली. सोनाली आडव्या चौकटी मोजून उंची धरायची, उभ्या मोजून वीत, आणि टाचणी टोचायची. एका विद्यार्थ्याची एक टाचणी.

शेवटची टोचून झाल्यावर तिनं दोन्ही तळवे बोर्डावर ठेवले आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे नेले.

"राजनंदिनी, हे चढतंय! अगदी सरळ रेष नाही, पण सगळ्या वरच चालल्यात."

मग तिचं बोट अडलं. उजव्या टोकाला, खाली, एक टाचणी एकटीच होती.

"हा कोण? सगळ्यांत उंच, आणि वीत अशी मधलीच?"

राजनंदिनीनं यादी पाहिली. "पृथ्वीराज."

दुसऱ्या दिवशी वर्गात सोनालीनं बोर्ड टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पृथ्वीराज, तुझी उंची परत मोजू का?"

"कशाला? मी सांगितलीये ना."

"म्हणूनच," राजनंदिनी म्हणाली.

भिंतीला टेकवून मोजला, तर चांगला तीन इंच कमी भरला. वर्ग खो खो हसला. पृथ्वीराजही हसला. सोनालीनं टाचणी काढून नव्या जागी टोचली. ती इतरांच्या घोळक्यात जाऊन बसली.

मॅडमनी विचारलं, "मग उंचीमुळे वीत मोठी होते, असं म्हणायचं का?"

"नाही मॅडम. दोन्ही एकत्र वाढतात, एवढंच ही टाचण्यांची रांग सांगते. कशामुळे, ते ती सांगत नाही. ते वेगळं शोधावं लागेल."

मॅडम वर्गाला म्हणाल्या, "सगळ्यांनी इकडे या. डोळे मिटा आणि एकेकानं हात फिरवा. सोनाली तुम्हाला आलेख वाचायला शिकवेल."

बहुतेकांना नुसत्या टाचण्याच लागल्या. सोनाली एकेकाचा हात धरून चढाच्या दिशेनं नेत होती, "घाई नको, तळवा पूर्ण टेकव," असं दटावत होती.

तिला न्यायला आलेले रतन दारातच थांबले. मॅडमनी त्यांना आत बोलावलं, "या ना, बसा."

"नको मॅडम, तास चालू आहे," ते म्हणाले. "माझी मुलगी शिकवतीये."