गुण्यात न बसणारा पाय

रविवारी सकाळी दहाला माझी सायकल बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि ते बायकोनेच ठरवलं होतं. तिचंही चूक म्हणता येत नव्हतं. मी सुतार, निम्मं काम उकिडवं बसून करायचं. दोन महिने उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू इतकी ठणकायची की खाली बसलो की उठायला टेबलाचा पाय धरावा लागे. व्यायामोपचारवाल्या बाई म्हणाल्या, काही दिवस सायकल बंद. बायकोने त्यातले ‘काही दिवस’ गाळून टाकले.

“रविवारी दहाच्या आत टेकडी चढून येतो,” मी म्हणालो. “गुडघा दुखला तर मीच सायकल पुसून त्याच्या हातात देईन. नाही दुखला, तर पुन्हा हा विषय नाही.”

“आणि दुखला तर खोटं बोलायचं नाही,” ती म्हणाली.

बुधवार होता. दुखणं नव्या पेडलांबरोबर घरात आलं होतं, हे मला कळत होतं. त्यांना क्लिपलेस, म्हणजे बिनक्लिपचे, म्हणतात. इतकं फसवं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो पेडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवल्याशिवाय काही सुटत नाही.

सायकलच्या दुकानातल्या ताईंनी माझे बूट उलटे करून पाहिले.

“मिस्त्री, क्लीट कोणी बसवल्या?”

“मी. गुण्या लावून.” काटकोन तपासायचा तो गुण्या माझ्या वडिलांचा. त्याच्यापुढे वाकडं काही टिकत नाही.

त्या हसल्या, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मग त्यांनी पेडल आणि क्लीटचे तीन जोड मांडले. “तुमच्याकडे आहे तो हा. यात पाय तसूभर हलत नाही. हा दुसरा सहा अंश हलू देतो, पण स्प्रिंग पाय परत मध्ये ढकलते. तिसऱ्यात पंधरा अंश मोकळीक आहे, अडवणारं काही नाही. फक्त सुटताना टाच चांगली लांब फिरवावी लागते. गुडघ्यासाठी मी हाच देईन.”

“मोकळं म्हणजे ढिलं. ढिलं काम मला चालत नाही.”

“ड्रॉवर बसवताना फट ठेवत नाही का तुम्ही?”

“लाकूड फुगतं म्हणून ठेवतो. माझा पाय काही पावसात फुगत नाही.” मी दुसरा जोड उचलला आणि क्लीट पुन्हा गुण्यानेच बसवल्या. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

गुरुवारी टेकडीच्या अर्ध्यावर गुडघ्याने तोंड उघडलं. तिथूनच सायकल हातात धरून खाली उतरलो. चिडचिड अशी झाली होती की शुक्रवारी सकाळी एका चांगल्या फळीला उगाच दोनदा रंधा मारला.

बायको चहा घेऊन कारखान्यात आली आणि दारातच थांबली. जमिनीवर भुशाचा पातळ थर होता, आणि त्यात दारापासून टेबलापर्यंत माझी पावलं उमटली होती.

“हे बघा,” ती म्हणाली. “डावा पाय सरळ. उजवा बघा कुठे चाललाय.”

उजव्या पावलाचा चवडा पार बाहेर, भिंतीकडे वळलेला होता.

“मी सरळ चालतो,” मी म्हणालो.

“लोकांसमोर. एकटे असलात की असेच चालता. लग्नापासून बघतेय.”

शाळेत मला बदक म्हणायचे. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. पाय सरळ टाकायची सवय मी दात-ओठ खाऊन लावून घेतली होती. सायकलवर कुणाला चाल दिसत नाही, म्हणून तर मला सायकल इतकी प्यारी. आणि तिथेही मी माझ्या हाताने तो पाय गुण्यात ठोकून बसवला होता. मला लाज वाटली, आणि गुडघ्याची दयाही आली.

“विकायची आहे ना तुला सायकल?” मी विचारलं. “मग हे कशाला दाखवलंस?”

“मला तुमचा गुडघा हवाय. चहा घ्या.”

मी पाऊल प्लायवर ठेवून पेन्सिलने आखलं आणि कोन मोजला. अकरा अंश. दुपारी दुकानात जाऊन तिसरा जोड घेतला. उजव्या क्लीटचं नाक अंगठ्याकडे वळवलं, टाच क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीला, घासत नाही ना ते पाहिलं, मग स्क्रू आवळले. वाकडी क्लीट बघून हात शिवशिवत होते. गुण्या मी खणात टाकून खण बंद केला.

शनिवारी सपाटीवर थोडं फिरलो. रविवारी सहाला निघालो. अर्ध्यावर, गुरुवारच्या जागी, मी कान देऊन गुडघ्याची वाट पाहिली. मांड्या पेटल्या होत्या, दम लागला होता, पण गुडघा गप्प होता. माथ्यावर उतरून मुद्दाम उकिडवा बसलो आणि कशालाही न धरता उठलो. तिथे दुसरं कुणी नव्हतं ते बरं झालं, कारण मला रडू आलं.

दहाला पाच कमी असताना गल्लीत वळलो. बायको आणि गिऱ्हाईक दारात उभे होते. ऐटीत ब्रेक दाबला, टाच फिरवली, पण जुन्या सवयीने थोडीशीच. पाय सुटला नाही, आणि मी सायकलसकट त्यांच्या पायाशी आडवा झालो.

गिऱ्हाईक धावलं. बायको जागची हलली नाही.

“गुडघा?” तिने विचारलं.

“कोपर खरचटलं. गुडघ्याला काही नाही.”

“चढताना?”

“नाही दुखला.”

तिने माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे वळली. “माफ करा हं, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. सायकल विकायची नाहीये.”

मी कपडे झटकून उठलो आणि सायकल घेऊन त्या दोघांच्या समोरून आत गेलो. दारातून भिंतीपर्यंत पोचल्यावर ध्यानात आलं, पाय सरळ टाकायचा राहूनच गेला होता.