पिशव्यांपाशी

मनोऱ्याच्या पायथ्याशी आईने रुमालाने पायरी झटकली आणि कुणी काही म्हणायच्या आत ती बसलीसुद्धा. डब्यांची पिशवी उजवीकडे, पाण्याच्या बाटल्या डावीकडे, बाबांचं जाकीट मांडीवर. हे नेहमीचंच होतं. दीपगृह असो की किल्ला, आई खाली आणि बाकीचे वर. वर पोचलं की कठड्यावरून तिला हात करायचा आणि उतरल्या उतरल्या विचारायचं, दिसलो का? "दिसलात की," आई टकळीला म्हणायची, "सगळ्यात जास्त उड्या तूच मारत होतीस."

सकाळच्या गाडीत टकळीने सगळ्यांचे कान किटवले होते. हे नाव आत्याने ठेवलेलं, आणि उगीच ठेवलेलं नव्हतं. या जुन्या शहराला वेढा कसा पडला, वेस कशी फुटली, मनोऱ्यावर पहारेकरी कुठे उभा राहायचा, सगळं तिने शाळेच्या ग्रंथालयातून डोक्यात भरून आणलं होतं. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तिच्या तोंडाला लगाम म्हणून नव्हता. बाबा पेंगले. आत्याने कानात बोळे घातल्याचं नाटक केलं. आईने मात्र खिडकीशी बसून एकच विचारलं होतं, वरून नदीचं वळण खरंच दिसतं का? टकळीने त्यावर दोन स्थानकं खर्ची घातली होती.

आता दाराशी रखवालदार सांगत होता की जिना अरुंद आहे, पिशव्या वर न्यायच्या नाहीत आणि आजची ही शेवटचीच फेरी. बाबा नि आत्या आत शिरलेही. टकळीने उंबऱ्यावर पाय ठेवला, तेव्हा हातातली बाटली तशीच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. ती आईला द्यायला टकळी मागे वळली.

आणि तिला आईचे बूट दिसले. बाराही महिने चपला घालणाऱ्या आईने आज कपाटाच्या तळातले कापडी बूट काढले होते. स्वच्छ धुतलेले. नाड्या नव्या, दुहेरी गाठ मारलेल्या. मान मागे टाकून, कपाळावर हात धरून, आई मनोऱ्याच्या टोकाकडे बघत होती.

टकळी लंगडत तिच्यापाशी आली.

"पायात गोळा आलाय. मी बसते इथे. तू जा, आई."

"दिवसभर चाललं ते तोंड," आत्या जिन्यातून म्हणाली, "मग पाय कसे गं दमले?"

मला काय बघायचंय, असं काहीतरी आई म्हणायला लागली. टकळीने तिच्या मांडीवरचं जाकीट उचलून आपल्या मांडीवर घेतलं. रखवालदाराने किल्ल्या वाजवल्या.

"अगं, पण तू महिनाभर..."

"मला पाठ आहे ते सगळं."

आई उठली. दोनदा मागे वळून तिने पिशव्यांकडे पाहिलं, तान्ही पोरं सोडून निघाल्यासारखं. मग दार लागलं.

महिनाभर मनात घोळवलेलं वळण आता तिच्याशिवाय दिसणार होतं. बोलायला कुणी नव्हतं. ऊन सरकलं तशी तिने पिशवी सावलीत ओढली. एक कबुतर डब्याच्या वासाने आलं, त्याला हाकललं.

बऱ्याच वेळाने वर कठड्यापाशी हालचाल झाली. ती उठून उभी राहिली. सूर्य नेमका मनोऱ्याच्या पाठीमागे होता. काळे ठिपके. माणसं की कठड्याचे दगड, तेही कळेना. ती चार पावलं मागे गेली, डोळे बारीक केले, तरी तेच. मागच्या साऱ्या सहली तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागल्या. तिने दोन्ही हात उंच केले आणि त्या ठिपक्यांकडे बघून जोरजोरात हलवले.

दार उघडलं. आई सगळ्यांत पुढे होती. केस विस्कटलेले, गाल लाल. नदी वळते तिथे एक बेट आहे, ते तर तू सांगितलंच नव्हतंस, असं ती धापा टाकत म्हणाली. मग थांबली.

"हात केला होता तुला. दिसले का?"

टकळीने जाकीट झटकलं, नीट घडी घातली.

"दिसलीस की," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त उड्या तूच मारत होतीस."

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिने डब्यांची पिशवी उचलली. टकळीने दुसरा बंद धरला.

स्टेशनापर्यंत दोघींनी ती पिशवी सोडली नाही. टकळी आज एवढी गप्प कशी, असं आत्याने दोनदा विचारलं.