खेकडीच्या पाठीवरून बाबांच्या खिशात

मी टॅग आहे. खेकड्यांच्या पाठीवर चिकटवतात तो. शेंगदाण्याएवढा आहे म्हणून कमी लेखू नका. माझ्या पोटात बॅटरी आहे आणि थोड्या थोड्या वेळानं मी एक बारीक आवाज करतो. समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रं तो टिपतात, आणि मग ऑफिसात बसलेल्या माणसांना कळतं, अमुक खेकडा आज तमुक ठिकाणी गेला. का गेला ते खेकड्यालाही माहीत नसतं. ऑफिसात त्यावर चर्चा होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खोकंभर भावंडं होती, सगळी माझ्यासारखीच दिसायची.

मला चिकटवलं ती मुलगी बोटीवरच लहानाची मोठी झालेली. तिचे बाबा आणि मामा खेकडे धरायचे. ती शिकली आणि धरलेले खेकडे सोडायला लागली. बंदरावर तिला खेकडेबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा. एका मादीचं कवच तिनं फडक्यानं कोरडं केलं, गोंद लावला आणि मला दाबून धरलं. खेकडीनं तिचं बोट धरलं. गोंद वाळेपर्यंत दोघींपैकी कुणीच सोडलं नाही.

खेकडीबरोबर माझा संसार बरा चालला होता. ती आडवी चालायची, म्हणून मीही आडवा चालायचो. दिवसा वाळूत पुरून घ्यायची, अंधारलं की खायला निघायची. वाटेत दुसरा खेकडा भेटला की दोघंही नांग्या उगारायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात आपापल्या वाटेनं जायची. पुढं माणसांत राहायला गेलो तेव्हा हे दृश्य मला ओळखीचं वाटलं.

मग पाणी तापायला लागलं आणि ती खोल समुद्राकडे निघाली. शेवटचं यंत्र मागं पडलं. मी आवाज करत राहिलो, ऐकणारं कुणी नव्हतं. पुढं वाळूचा एक उंचवटा लागला. तिथं माद्याच माद्या होत्या, आणि सगळ्यांच्या पोटाखाली अंडी. आमचीच्याही.

तिथंच एक सापळा होता आणि सापळ्यात मासा होता. तिनं फार विचार केला नाही.

सापळा वर ओढला तो नेमका खेकडेबाईच्या बाबांनी. त्यांनी मला लगेच ओळखलं. माझी भावंडं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. मामा म्हणाले, टाक तो समुद्रात. अंड्यांवरच्या माद्या इथं जमतात हे ऑफिसला कळलं, तर ही जागा बंद होणार. आणि आपली दोन्ही घरं तर याच जागेवर चालतात.

"सख्खी भाची आपल्या पोटावर पाय देणार," मामा म्हणाले, "आणि खेकड्याला दहा असतात."

बाबांनी चाकूच्या टोकानं मला सोडवलं. खेकडीला दोन्ही हातांनी धरून अलगद पाण्यात सोडलं. मला मात्र शर्टाच्या खिशात ठेवलं. का, ते त्यांनी मामांना सांगितलं नाही. मलाही नाही.

घरी जेवताना मुलगी सांगत होती, एका खेकडीचा आवाज कधीचा येत नाही, मेलीच असणार, तसंच लिहावं लागेल. बाबा म्हणाले, समुद्र आहे, चालायचंच. मग त्यांनी मीठ मागितलं. मीठ त्यांच्या पुढ्यातच होतं. खिशात माझ्या शेजारी काहीतरी धडधडत होतं.

शर्ट धुवायला टाकण्याआधी आईनं खिसे तपासले. मला बाहेर काढून तिनं टेबलावर चहाच्या कपांच्या मधोमध ठेवलं आणि ती भाजी निवडायला बसली. मुलीनं मला उचललं, माझा नंबर वाचला आणि बाबांकडे पाहिलं.

"जिवंत आहे," बाबा म्हणाले. "अंडी होती. सोडली मी."

"कुठं?"

बाबांनी कप बशीत फिरवला. मुलीनं पुन्हा विचारलं नाही. खेकडी जिवंत आहे एवढंच लिहिते, जागा सापडली नाही म्हणते, असं म्हणून ती माझ्यावरचा जुना गोंद नखानं खरवडत बसली.

"सकाळी बोटीवर ये," बाबा म्हणाले. "तुझी यंत्रं पण घे. मामाला मी सांगतो."

मामांना सांगणं सोपं गेलं नाही, असं ऐकलं. उंचवटा आता अंड्यांच्या दिवसांत बंद असतो आणि दोघांना लांबच्या, कमी खेकड्यांच्या पाण्यात जावं लागतं. मामा काही दिवस जेवायला आले नाहीत. मग आले. पण भाचीला काही सांगायचं असलं की ते अजून भिंतीला सांगतात.

मी आता दुसऱ्या एका मादीच्या पाठीवर आहे, त्याच उंचवट्यावर. बॅटरी संपत आली आहे, तेव्हा निरोपाचं बोलून घेतो. सकाळी वरून एक बोट जाते. आमच्या डोक्यावर आली की तिचं इंजिन हळू होतं, क्षणभर घुटमळतं. सापळा काही खाली येत नाही. मग ती पुढं जाते. यंत्रं फक्त माझा आवाज टिपतात. ते घुटमळणं कुठंच नोंदलं जात नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं.