काउंटरवर ठोकलेला रुपाया

तळेगाव ढमढेऱ्यात आडनाव सांगून आमचं घर विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘खोट्या रुपयावाल्यांचं’ म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल!

माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, स्वातंत्र्याच्या सुमाराला, बाजारच्या दिवशी, सिद्दीकमामांच्या किराणा दुकानात एक रुपाया दिला. तेव्हा गल्ल्यावर मामांचे आजोबा बसायचे. त्यांनी रुपाया फरशीवर आपटून आवाज ऐकला, ‘खोटा’ म्हणाले आणि चारचौघांसमोर काउंटरच्या फळीवर खिळ्यानं ठोकून टाकला. पूर्वी दुकानदार असंच करायचे. खोटं नाणं परत बाजारात फिरू नये आणि देणाऱ्याला जन्मभर अद्दल घडावी म्हणून.

जन्मभर? तीन पिढ्या घडली की! माझे वडील, मच्छिंद्रआप्पा, त्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत. काडीपेटी संपली तरी शिरूरहून आणतील. सोसायटीच्या इलेक्शनला उभे राहिले तेव्हा समोरच्या पार्टीनं भिंतीवर रंगवलं, ‘खरं नाणं निवडा’. मी शाळेत होते. जाऊन त्या भिंतीला शेण फासून आले. आप्पा पडले ते पडलेच.

मी सविता. रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला आहे आणि मला नाण्यांचा नाद आहे. आता खोट्या रुपयावाल्यांच्या पोरीला हाच नाद लागावा, यावर गाव पोट धरून हसलं. हसू दे. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर मी नाण्यांचे फोटो टाकायचे तर तिथंही हसायचे. एकानं विचारलं, ‘ताई, ही पुरी आहे का?’ त्याला मी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याच ग्रुपवर दौंडची मेहक भेटली. ती म्हणाली, ‘भांडू नकोस, घरी ये. शिकवते.’

मेहकचं घर रेल्वे कॉलनीत. मला वाटलं, मोठा कॅमेरा असेल, दिवे असतील. कुठलं काय! दोन सारख्या उंचीचे डबे, त्यावर आडव्या दोन फूटपट्ट्या, पट्ट्यांवर फोन पालथा आणि खाली नाणं. बाजूला टॉर्च, टॉर्चपुढं केकवाल्याकडून मागून आणलेला बटर पेपर, समोर उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा. झाला स्टुडिओ! फोनला बोट लावलं की फोटो हलतो म्हणून टायमर लावायचा. मालगाडी गेली की सगळं घरच हलायचं, तेवढ्यापुरतं आम्ही दोघी दम खाऊन बसायचो. पहिल्यांदा नाण्यावरचं गव्हाचं कणीस दाणा न् दाणा दिसलं तेव्हा मी मेहकला अशी मिठी मारली की डबेच पडले.

आणि त्याच आठवड्यात सिद्दीकमामांनी नवा काचेचा काउंटर मागवला.

मी धावत दुकानात गेले. ‘मामा, जुन्या फळीचं काय करणार?’

‘सुतार रविवारी कापून नेणार हाय. रुपायाचा तेवढा तुकडा ठेवतो. फ्रेम करून लावतो भिंतीला. आजोबाची आठवण.’

आमची अब्रू आणि काचेच्या फ्रेममध्ये! माझं टाळकंच सटकलं. ‘मामा, तो खोटाच आहे कशावरून?’

‘आता बघ, इतकी वर्सं...’

‘वर्षं गेली म्हणून खोट्याचं खरं होतं का? काढा तो, मला बघू द्या.’

‘खिळा गंजलाय गं. उचकटला तर रुपायाचा तुकडा पडंल. आन् मग म्हणशीला, मामानं मुद्दाम मोडला.’

हे मात्र खरं होतं, मी म्हटलंच असतं. घरी जाऊन स्पीकरमधलं चुंबक आणलं आणि खिळ्यापासून लांब, रुपयाच्या कडेला लावलं. खटकन चिकटलं.

मामा हळूच म्हणाले, ‘लोखंड हाय बाई.’

तोंडात मारल्यासारखं झालं. बाहेर येऊन मेहकला फोन लावला आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ती ओरडलीच, ‘अगं बावळट, निकेलपण चुंबकाला चिकटतं! वर काय छापलंय?’

‘काही दिसत नाही. तेलातुपाचे हात, वरून पैसे घासून घासून पार सपाट झालंय.’

‘डोळ्याला सपाट आहे. प्रकाश आडवा टाक, एकदम फळीला टेकवून. धुऊ-घासू नकोस, चिंच तर बिलकुल लावू नकोस.’

‘काय असेल गं?’

‘सांगणार नाही. सांगितलं तर तुला तेच दिसेल. फोटो पाठव.’

शुक्रवारी मामा नमाज पढून आले आणि दुपारची गिऱ्हाइकी थंडावली, तेव्हा मी सामान घेऊन हजर. मामा कुरकुरले, पण शटर अर्धं खाली ओढून दिलं, पंखाही बंद केला. खडीसाखरेचे दोन डबे त्यांचेच. रुपयाच्या दोन्ही अंगाला मांडले, पट्ट्या टाकल्या, फोन ठेवला.

वरून टॉर्च मारला तर स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा. बटर पेपर लावला. आता करडा गोळा! घामानं माझी वेणी मानेला चिकटली. मामा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे पोरी.’ मी म्हटलं, ‘राहू कशाला दे? तुमची फ्रेम व्हायची राहील होय?’

मग बटर पेपर काढला, टॉर्च फळीवर आडवा झोपवला आणि नाण्याभोवती हळूहळू सरकवत नेला. कलत्या उन्हात नांगरटीची ढेकळं कशी उठून दिसतात, तसं काहीतरी उठलं. एक कमानदार रेघ. टॉर्च आणखी मागं घेतला. रेघेला जोडून पाय. पाय! टायमर लावला, श्वास रोखला. फोन क्लिक झाला आणि मी फोटो मोठा केला.

‘मामाऽऽ!’

मामांनी चष्मा पुसून बघितलं. ‘मांजार हाय का?’

‘मांजर काय मामा, वाघ आहे वाघ! ही शेपटी, हे तोंड. खिळा बघा, बरोबर पोटात घातलाय तुमच्या आजोबांनी. आणि हे खाली साल, १९४७!’

मी तिथंच उड्या मारायला लागले. फोटो पाठवून मिनिट झालं नसेल तर मेहकचा फोन. स्पीकरवर टाकला. तीही ओरडतच होती, ‘खराय, सविता, खराय! सत्तेचाळीसचा निकेलचा रुपाया. त्याच्या आधी रुपाया चांदीचाच असायचा. नवाकोरा आला असेल, कुणी बघितलेला नसेल. आवाज वेगळा येणारच!’

सिद्दीकमामांनी माझा फोन हातात घेऊन तो वाघ पुन्हा बघितला. मग म्हणाले, ‘आजोबाचा कान बराबर हुता. चांदी न्हवतीच. पर चांदी न्हाई म्हंजी खोटा, ह्ये त्यानं कसं ठरवलं? आन् पुन्यांदा तसले रुपाये गावात आलं आसतील, तवा आमच्यापैकी कुणी ह्या फळीकडं वाकून बघितलं बी न्हाई.’ माझा फोन तसाच हातात धरून ते पायरी उतरले. ‘चल, आप्पाकडं.’

‘आणि दुकान?’

‘ऱ्हाऊ दे उघडं.’

आप्पा ओट्यावर बसून कांद्याचं बी निवडत होते. मामांनी बसायचीही वाट बघितली नाही. ‘आप्पा, रुपाया खरा हाय. चूक आमची. गावासमोर झाली, गावासमोरच सांगतो. रविवारी बाजारात सांगतो.’

मला वाटलं, आप्पा आता बरसणार, माझेच वडील ते. पण त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, बघितलं आणि उठले. अनवाणीच निघाले. आम्ही दोघं मागं. चौकातली माणसं चहा तसाच ठेवून बघत राहिली. आप्पा दुकानाची पायरी चढले, काउंटरशी गेले आणि त्या रुपयावर बोट ठेवलं.

‘आबा मरंपत्तुर म्हणत हुते, त्येच्यावर वाघ हुता म्हणून,’ आप्पा म्हणाले. ‘मी म्हणायचो, तवाच्या रुपायावर इंग्रजांचा राजा हुता, वाघ कुठनं आला? खोटं तरी नीट बोला. आसं म्हणलो मी त्यास्नी. सवताच्या बापाला.’

मामांनी गल्ल्यावरचं आपलं स्टूल पुढं सरकवलं. आप्पा त्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मीही रडले.